सूर्याचा राखणदार गुणाजी

कोकणातल्या एका गावात गुणाजी नावाचा एक भोळा गडी राहायचा. गावाबाहेर सड्यावर, उंचावरच्या उघड्या कातळावर, सूर्यावर नजर ठेवायचं केंद्र होतं. सूर्यावर वादळ उठलं की ते आधी ओळखायचं आणि वीज कचेरीला सावध करायचं, हे तिथलं काम. मेव्हण्याने शब्द टाकून गुणाजीला तिथे चिकटवलं होतं, तेही तात्पुरतं. ही नोकरी गेली तर बायकोला तोंड कसं दाखवायचं, याची त्याला भारी धास्ती होती.

पहिल्या दिवशी केंद्रप्रमुख नेरूरकर मॅडमनी त्याला दुर्बिणीतून कागदावर पडलेलं सूर्याचं बिंब दाखवलं. बिंबावर जे काळं दिसेल ते पेन्सिलीने गिरवायचं, स्वतःचं डोकं चालवायचं नाही. गुणाजीला बरं वाटलं. डोकं चालवायची त्याला सवयच नव्हती. तेवढ्यात कागदावर एक मुंगळा चढला. गुणाजीने तो गिरवला. मुंगळा चालला, तशी पेन्सिलही चालली. संध्याकाळी सूर्यावरची काळी पायवाट बघून मॅडम मटकन खुर्चीत बसल्या. मग त्यांनी समजावलं, की जे असं तुरुतुरु हलतं ते सूर्याचं नसतं, तिकडे लक्ष द्यायचं नाही.

"देवान माझ्या डोक्यात भुसो भरताना हात आखडलो नाय," गुणाजी म्हणाला आणि त्याने ते पक्कं ध्यानात ठेवलं.

मग त्याला चुंबकाच्या खोपीत बसवलं. तिथे दोऱ्याला एक चुंबकी काटा टांगला होता. सूर्याचं वादळ पृथ्वीवर येऊन धडकलं की तो थरथरायचा. एका दुपारी तो थरथरू लागला. हलतंय, म्हणजे सूर्याचं नव्हे. गुणाजीने पाठ फिरवून निवांत पान लावलं. तिकडे समुद्रात होड्यांचे रेडिओ नुसते खरखरत राहिले. मॅडमनी कपाळाला हात लावला आणि बजावलं. काटा हलला की दुसरं काही बघायचं नाही, धावत जाऊन वीज कचेरीला फोन करायचा.

"भुसो, मॅडम. दुसरा काय?" गुणाजी म्हणाला आणि त्याने तेही ध्यानात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तो कमरेला कोयता लावूनच खोपीत शिरला. काटा गर्रकन त्याच्याकडे वळला. गुणाजी धावला. कचेरीने घाबरून वीज तोडली, बर्फाच्या कारखान्यातला बर्फ वितळला आणि मासळीवाल्या बायका नासलेल्या बांगड्यांच्या पाट्या घेऊन भांडायला सड्यावर चढल्या. मॅडमना नाकाला पदर लावूनच त्याला सांगावं लागलं, की खोपीत लोखंडाचा कणही चालत नाही. सापडला की उचलून लांब नेऊन ठेवायचा.

आता भुसाही कमी पडतोय, असं गुणाजीला स्वतःलाच वाटलं.

आणि मग शहरातून मोठी समिती आली. सूर्यावर भला थोरला भडका उडाला होता. आज दुपारी वादळ इथे पोचणार, काटा कसा नाचतो ते डोळ्यांनी बघा, असं मॅडमनी छातीठोक सांगितलं होतं. समिती खूश झाली तर गुणाजी कायम होणार होता. सकाळपासून तो लोहचुंबक घेऊन खोपीचा कानाकोपरा चाचपत होता. एका जागी चुंबक टचकन चिकटला. या वेळी त्याला कुणी काही सांगायची गरज पडली नाही.

दुपारी मॅडम समितीला घेऊन दारात आल्या. "गुणाजी, काटा हलतोय ना?"

"हलतलो कसो, मॅडम?" गुणाजी हात जोडून अभिमानाने म्हणाला. "खोपीत तेवढोच लोखंडाचो होतो. तो सकाळीच काढून थंय काजीच्या झाडाच्या मुळात नेवन ठेवलंय."