आबासाहेबांचा तरुण फ्लेक्स

वाढदिवसाचा फ्लेक्स चौकात लागला आणि तासाभरात नगराध्यक्ष आबासाहेब डोईफोडे कार्यकर्त्यांसह रेवतीच्या डिझायनिंगच्या दुकानात घुसले.

“माझ्याच फ्लेक्सखाली उभा होतो, तरी आमदारांनी मला ओळखलं नाही. चेहरा होता तसा कर, नाहीतर उद्या दुकानाला टाळं.”

रेवतीने मूळ फोटो उघडला.

“आबासाहेब, शेजारी बसून तुम्ही जे जे काढायला लावलंत, ते सगळं जपून ठेवलंय. एकेक सांगा, परत लावते. आधी काय लावू, टक्कल की दुसरी हनुवटी?”

कार्यकर्ते एकदम छताकडे बघू लागले.

“राहू दे,” आबासाहेब टोपी घट्ट करत म्हणाले. “आमदारांना सांगतो, फ्लेक्सवर माझा धाकटा भाऊ आहे.”