पाच मार्चची सही

मालिनीताई गवार मोडत होत्या, तेवढ्यात वकिलांचा फोन आला. "ताई, आपलं अपील दीड महिना उशिरा गेलंय. न्यायाधिकरणाने उशीर माफ केला नाही, तर तारा कस्टम्सकडेच राहतील."

पियानोच्या त्या तारा त्यांच्या पतीने, सारंगराव कीर्तिकरांनी, एका शाळेचा पियानो दुरुस्त करायला परदेशातून मागवल्या होत्या. त्यांचं ते शेवटचं काम.

सुनावणीत कस्टम्सच्या अधिकाऱ्याने पोचपावती उंच धरली. "जप्तीचा आदेश पाच मार्चला खुद्द कीर्तिकरांनी सही करून घेतला. मग इतके दिवस झोपले होते का?"

मालिनीताई उठल्या. त्यांनी मृत्यूचा दाखला पुढे ठेवला.

"हो साहेब, कायमचेच. सव्वीस फेब्रुवारीला गेले ते. आदेश मला जुलैत, त्यांच्या बंद दुकानाच्या दाराखाली सापडला. पण पाच मार्चला ज्यांनी त्यांना गाठून सही आणली, त्यांनीच उशिराचं कारणही विचारून यावं."

अधिकाऱ्याने पावती खाली घेतली.

"उशीर माफ," अध्यक्ष म्हणाले. "आता ही सही कोणाची, ते तुम्ही सांगा."

पुढे अपीलही मंजूर झालं. तारांचा खोका दुकानात आला. शाळेचा पियानो तिथेच उघडा आहे. तारा चढवायच्या राहिल्या आहेत.