दोन दिवसांचे सांगून गेलेला गडी

फार जुन्या काळी डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होते. गाव लहान, विहीर एक, देऊळ एक. पण हुतूतूचे मैदान असे, की दहा कोसांवरची माणसे खेळ बघायला येत. त्या मैदानावर एक वस्ताद सात गडी घडवत असे.

सातांमध्ये दौलू आणि केरू ही कोपऱ्यावरची जोडी. समोरचा गडी "हुतूतू" म्हणत एका दमात चाल करून आला, की हे दोघे हातात हात घालून साखळी करत आणि त्याला असे अडकवत, की त्याचा दम तिथेच संपे. दौलू नेहमी केरूच्या उजव्या हाताला. इतकी सवय झाली होती, की बाजारात हिंडतानाही तो त्याच बाजूने चाले.

एके दिवशी पेठेच्या देसायाने वस्तादाला बोलावणे धाडले. पेठ मोठी. तिथे मऊ मातीचे मैदान, गड्यांना रोज तांब्याभर दूध. वस्ताद जायला निघाला.

त्या मैदानाची एक रीत होती. सोडून जाणाऱ्याने मधल्या रेघेवर उभे राहून सर्वांसमोर "मी जातो" असे म्हणायचे. मग राहणाऱ्यांनी एकेकाने त्याच्या पाठीवर थाप द्यायची. मनात राग असला तरी द्यायचीच. थाप दिली की राग तिथेच मातीत पडला, असे गाव मानत असे.

वस्तादही रेघेवर उभा राहिला. म्हणाला, "पोरांनो, मी जातो. मैदान तुमचं आहे. ज्याला माझ्याकडे शिकायचंय त्यानं यावं, ज्याला राहायचंय त्यानं राहावं. मी कुणाला ओढणार नाही." साती जणांनी थाप दिली. केरूची थाप इतकी जोरात बसली, की वस्ताद दोन पावले पुढे गेला आणि हसत हसत डोळे पुसू लागला.

पंधरवडा गेला. तीन गडी रेघेवर उभे राहिले. "वस्तादांवाचून खेळ सुधारत नाही. आम्ही जातो." पुढे आणखी दोघे गेले. सर्वांना थापा मिळाल्या. पण दौलूच्या थापेबरोबर टोमणाही मिळाला.

"वस्ताद पेठेत शिंकले, की ह्यांना इथं सर्दी!" तो म्हणाला. "जा, जा. दुधाचा वास आल्यावर मांजर थांबतंय होय?"

बघायला जमलेले लोक खदखदून हसले. जाणारे दोघे खाली मान घालून गेले. दौलूला फार बरे वाटले.

आता मैदानावर दोघेच उरले. केरू म्हणाला, "दौल्या, नवी पोरं धरू. आपण शिकवू त्यांना. वर्ष लागेल, पण साखळी उभी राहील."

"राहील की!" दौलू म्हणाला. "मी कुठं जातोय? मी काय मांजर आहे?"

पण खरे सांगायचे तर दौलूलाही जायचे होते. मोठा खेळाडू व्हावे असे त्याला वाटे, आणि नव्या पोरांना रेघ कुठली नि कोपरा कुठला हे शिकवण्यात त्याचा जीव रमेना. त्यात काही पाप नव्हते. तो रेघेवर उभा राहिला असता, तर त्याला कोणी अडवलेही नसते. अडवत होते ते त्याचेच बोल. "मी जातो" म्हणायला तोंड उघडावे, की आधी ते मांजर आठवे.

शेवटी एका सकाळी तो केरूला म्हणाला, "जरा मामाकडं जाऊन येतो. दोन दिवसांत परत."

"मामांना रामराम सांग," केरू म्हणाला. "तू येईस्तोवर मी मैदानावर पाणी मारून ठेवतो. माती फार उडायला लागलीय."

घरीही दौलूने तेच सांगितले. त्याचे वडील घोंगड्या विणत. मागावर वाकून वाकून त्यांची पाठ कमानीसारखी झाली होती. चार माणसांत गेले की त्यांना घाम फुटे. त्यांनी नुकतीच उतरवलेली घोंगडी घडी करून मुलाच्या खांद्यावर टाकली.

"आबा, दोनच दिवस तर आहेत," दौलू म्हणाला.

"असू दे रे. दोन दिवस असले तरी थंडी काय मोजून लागत नाही."

पेठेत पोहोचल्यावर वस्तादाने पहिला प्रश्न विचारला, "सांगून आलास ना?"

"हो," दौलू म्हणाला.

दोन दिवसांचे दोन आठवडे झाले, मग चार महिने झाले. दौलूचा खेळ खरोखरच सुधारला. पण गावचे कोणी पेठेत दिसले, की तो चटकन एखाद्या दुकानाच्या आडोशाला जाई. एकदा तर गावच्या गुरवाला चुकवताना तो चुन्याच्या घमेल्यात पाय घालून बसला. सोबतचे गडी पोट धरून हसले. दौलूही हसला, पण त्याचे कान तापले होते.

मग जत्रा आली. जत्रेत पेठेचा सामना दौलूच्याच गावाशी पडला. ज्या गावाला सात गडी पुरत नसतील, त्याने कोणालाही उभे करावे, फक्त त्या माणसाची चूल त्या गावात पेटत असली पाहिजे, अशी जत्रेची मुभा होती. आणि दिवस मावळताना ज्या गावाचे दोन गडी मैदानात उभे, ते गाव हरले नाही असे धरत.

केरूची नवी पोरे अजून फार लहान होती. त्याने गावकऱ्यांकडे पाहिले. कुंभार उठला, गुरव उठला, हलगी वाजवणारा उठला, एक मेंढपाळ आणि त्याचा भाऊ उठले. केरूला धरून सहा झाले. सातवा कोणी उठेना. दौलू पेठेच्या गड्यांत मागे उभा राहून बघत होता. तेवढ्यात गर्दीतून एक कमानीसारखी पाठ पुढे आली.

"केरू, मला काही येत नाही बाबा," आबा म्हणाले. "कुठं उभा राहू तेवढं सांग."

"इथं उभे राहा, आबा. माझ्या उजव्या हाताला. हात सोडू नका म्हणजे झालं."

दौलूने नजर दुसरीकडे वळवली.

खेळ सुरू झाला. कुंभार पहिल्याच चालीत बाद झाला. मेंढपाळाच्या भावाने एकाचा पाय असा पकडला, की पंचांना सोडवावा लागला. लोकांनी टोप्या उडवल्या. पण पेठेच्या तयार गड्यांपुढे किती टिकणार? एकेक करत पाच जण बाहेर बसले. सूर्य डोंगराला टेकला तेव्हा मैदानात केरू आणि आबा उरले. दोघे कोपऱ्यात, हातात हात घालून.

"दौलू, शेवटची चाल तुझी," वस्ताद म्हणाला. म्हणताना तो दौलूकडे बघत नव्हता. "एक गडी शिवलास की झालं."

दौलू रेघ ओलांडून आत गेला. "हुतूतू, हुतूतू, हुतूतू..."

समोर दोघे होते. केरूवर चाल करायची म्हणजे त्याच्या डोळ्यांत बघावे लागणार. चार महिन्यांत दौलूने सगळे केले होते, तेवढे एकच केले नव्हते. तो आबांकडे वळला.

आबांना चुकवाचुकवी ठाऊक नव्हती. मुलगा जवळ आलेला पाहून त्यांचा चेहरा उजळला.

"दौलू! अरे, किती वाळलास!"

"हुतूतू, हुतूतू..."

"दूध मिळतं ना रे तिथं? जेवतोस ना नीट?"

लोक हसू लागले. दौलूला उत्तर देता येईना. एक शब्द बोलला असता तर दम तुटून बाद झाला असता. त्याला त्या नियमाचा मोठाच आधार वाटला. त्याने हात लांब केला, बापाच्या खांद्याला शिवला आणि रेघेपलीकडे पळाला.

पेठ जिंकली. ढोल वाजले. देसायाने स्वतः दौलूच्या डोक्याला फेटा बांधला. दौलूची मान खाली होती. "पोरगं विनम्र आहे," लोक म्हणाले.

गर्दीतून वाट काढत आबा त्याच्याजवळ आले. त्यांच्यामागे केरू होता.

"छान शिवलंस हो," आबा म्हणाले. "तुला फार वाकावं लागू नये म्हणून मीच जरा पुढं झालो. केरू रागावला माझ्यावर."

आता दम धरायचा नव्हता. आता बोलायला कुठल्याही नियमाची आडकाठी नव्हती. तरी दौलू फेट्याचा शेवच चाचपत राहिला.

आबांनी इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणला. "एक विचारायचं होतं. लोक विचारतात, दौलू कुठंय? मी सांगतो, मामाकडं गेलाय, दोन दिवसांत येतो. आता सगळ्यांनीच तुला इथं बघितलं. तर आता काय सांगू?"

दौलूला वाटले, जमीन दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावे. आपण एकदाच खोटे बोललो होतो. आबांना ते रोज बोलावे लागत होते.

"मी परत येतो," तो कसाबसा म्हणाला. "केरू, मी उद्याच येतो."

"कशाला?" केरू म्हणाला. "शिकायला गेलास, शीक. खेळ चांगला झालाय तुझा. ते दोघं मांजरं म्हणवून घेऊन गेले, तरी त्यांच्या पाठीवर मी थाप दिली होती. तुला दिली नसती काय?"

"आता दे."

केरूने हात उचलला. क्षणभर तो तसाच धरला आणि मग खाली घेतला. "नाही रे जमत," तो म्हणाला. "त्या वेळी जमलं असतं." मग त्याने आबांचे कोपर धरले. "चला आबा, गाड्या निघतील."

"थांब," आबा म्हणाले. "ह्यानं सांगितलं नाही अजून."

दौलूने फेटा उतरवला. भोवती पेठेचे गडी होते, वस्ताद होता, देसाई होता. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "आबा, सांगा की दौलू वस्तादांकडं शिकायला गेलाय. आणि सांगा, की तो खोटं सांगून गेला होता."

आबांनी एकदा मनातल्या मनात ते म्हणून पाहिले.

"बरं," ते म्हणाले. "तसं सांगतो."

या गोष्टीचे तात्पर्य एवढेच: जायचे असेल तर खुशाल जावे, पण ज्यांच्या हातात हात घालून उभे राहिलो, त्यांना तोंडावर सांगून जावे. आपण टाळलेला एक खरा शब्द मागे राहणाऱ्यांना रोज खोटे बोलायला लावतो.