कपच्यांचं पोतं

एकदा एक दगड होता. नदीकाठच्या एका गावात, मारुतीच्या देवळासमोर, दोन मणांचा, काळा, गरगरीत, शेंदूर फासलेला. द्रोणागिरी घेऊन जाताना मारुतीच्या बगलेतून तो निसटून पडला, असं गावातले म्हातारे सांगत. मारुतीला तो परत उचलावासा का वाटला नाही, हे मात्र कुणी सांगत नसे.

दरवर्षी चैत्रातल्या जत्रेला तो दगड खांद्यावर घेऊन देवळाला एक प्रदक्षिणा घालायची रीत होती. जो घालेल त्याला गावचा पहिला नारळ आणि त्याच्या वस्तादाला दुसरा. गेल्या वर्षीच्या मानकऱ्याने आधी उचलायचा. त्याची प्रदक्षिणा पुरी झाली, की त्या वर्षी दगडाला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. मानकरी हरला तरच इतरांनी पुढे यायचं.

गुळाचे व्यापारी हैबतराव चोविसाव्या वर्षी मानकरी झाले आणि चोपन्नाव्या वर्षीही मानकरीच होते. तीस वर्षं! पंचक्रोशीतले लोक पोरांना घेऊन त्यांना बघायला येत. पूर्वी गुळाच्या ढेपा ते स्वतः गाडीवर चढवीत. पुढे हमाल ठेवले. पूर्वी पहाटे तालमीत जात. पुढे पहाटे झोप छान लागू लागली. पोट वाढलं, गुडघे जिन्यावर कुरकुरू लागले, जमिनीवर बसलं की उठताना खांब शोधायची वेळ आली. पण चैत्रात दगड खांद्यावर चढे, आणि त्याअर्थी सगळं ठीकच होतं. कुणी प्रकृतीची चौकशी केली, तर हैबतराव दंडावर थाप मारून म्हणत, "दगडाला विचारा!"

दगडाला विचारलं असतं, तर तो खरंच बोलला असता.

पौषातल्या एका सकाळी हैबतराव आणि त्यांची पत्नी भिवराबाई पर्वस्नानाला घाटावर गेली. घाटाला चाळीस पायऱ्या. शेवटच्या पायरीवर शेवाळ होतं, भिवराबाईंचा पाय सरकला आणि त्या कमरेइतक्या पाण्यात बसल्या. घोटा वाकडा झाला होता. पाणी असं, की हाडांत सुया टोचाव्यात.

"अहो, उचला मला. पाय टेकत नाही."

हैबतरावांनी त्यांच्या काखेत हात घातले, श्वास भरला आणि उचललं. त्या पाण्याबाहेर आल्या, एक पायरी वर आल्या, दुसरी आल्या, आणि हैबतरावांच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. हात सुटले. भिवराबाई दगडी पायरीच्या काठावर आपटल्या. नुसत्या नवऱ्याकडे बघत राहिल्या.

तेवढ्यात बाजारला निघालेल्या तीन माळणी भाजीच्या पाट्या घेऊन घाटावरून चालल्या होत्या. त्या धावत खाली आल्या.

"व्हा बाजूला, पैलवान," त्यांतली थोरली म्हणाली. "धरा ही पाटी. मेथी आहे, तेवढी झेपेल ना?"

तिघींनी लुगड्याची झोळी केली आणि भिवराबाईंना चाळीस पायऱ्या वर नेलं. मागून हैबतराव, दोन्ही हातांत मेथीची पाटी, बाराव्या पायरीवर एकदा आणि सत्ताविसाव्या पायरीवर एकदा थांबले. गावाने ते पाहिलं. गाव असल्या गोष्टी पाहायला बरोबर वेळेवर हजर असतं.

हाडवैद्याने तपासून सांगितलं, "घोटा काही नाही, महिन्यात बरा होईल. पण खुबा मोडलाय. तो पाण्यात पडल्याने मोडलेला नाही. तो दुसऱ्यांदा पडल्याने मोडलाय. आता वहिनींचं चालणं विसरा."

हैबतरावांनी तीन दिवस कुणाला तोंड दाखवलं नाही. चौथ्या दिवशी ते आपल्या वस्तादाकडे गेले. वस्तादांचं वय अठ्ठ्याहत्तर. देवळामागच्या तालमीत एकटेच राहत आणि स्वतःची घागर स्वतः भरत. हैबतराव गेले तेव्हा ते मातीत मांडी घालून बसले होते.

"वस्ताद, बायकोला उचलता आलं नाही मला," हैबतराव म्हणाले. "वयानुसार बाई जड होते. ओल्या लुगड्याचं वजन वेगळंच. त्यात पायरी निसरडी..."

वस्ताद हात न टेकता उठले, आतल्या खोलीत गेले आणि एक पोतं फरफटत घेऊन आले. तोंडाला सुतळी बांधलेलं, जुनं, धूळ खाल्लेलं. ते त्यांनी शिष्यापुढे ठेवलं.

"उचल."

"वस्ताद, ही काय वेळ आहे का?"

"हैबती, उचल म्हणतो ना."

हैबतरावांनी पोत्याला मिठी मारली. पोतं गुडघ्यापर्यंत आलं आणि परत मातीत बसलं. पुन्हा प्रयत्न केला. या वेळी गुडघ्यापर्यंतही आलं नाही. कपाळावर घाम आला.

"आहे काय यात?"

"सोडून बघ."

सुतळी सुटली. आत दगडाच्या कपच्या होत्या. लहानमोठ्या, काळ्या, आणि काही कपच्यांच्या कडेला शेंदराची रेघ. हैबतराव ज्या वेगाने वाकले होते, त्याच्या दुप्पट वेगाने मागे सरले.

कारण बारा वर्षांपूर्वी, बेचाळीस वय असताना, जत्रेच्या आधी एकदा त्यांनी दगड चाचपून पाहिला होता आणि तो हलला नव्हता. त्यांनी गुपचूप एका पाथरवटाला बोलावलं. भर दुपारी, देऊळ बंद असताना, त्याने दगड उलटा करून तळाला भोक पाडलं, आतून चार शेर दगड कोरून काढला, भोकाला लाकडी बूच मारलं आणि वर शेंदूर थापला. त्या वर्षी प्रदक्षिणा झोकात झाली. पुढच्या वर्षी आणखी चार शेर. मग ती वहिवाटच पडली. दरवर्षी शेंदराचे थर चढून दगड बाहेरून थोडा फुगायचा आणि आतून थोडा रिकामा व्हायचा. हैबतरावांचंही बरंचसं तसंच चाललं होतं.

"पाथरवट कपच्या तालमीमागच्या लिंबाखाली टाकून जायचा," वस्ताद म्हणाले. "मी गोळा करायचो. बारा वर्षांच्या कपच्या आहेत. जवळजवळ सव्वा मण भरतात. भिवरा किती भरेल रे? तेवढीच ना?"

हैबतरावांच्या आवाजाला धार आली. "तुम्हाला ठाऊक होतं! मग तेव्हाच माझा कान का नाही धरलात?"

"पहिल्या वर्षी म्हटलं होतं तुला, पहाटे येत जा. तू म्हणालास, वस्ताद, दगड उचलतोय की अजून!" वस्तादांनी एक कपची हातात घेतली. "दुसऱ्या वर्षी बोलणार होतो. पण तेवढ्यात पंचांनी मानकऱ्याच्या वस्तादाचा नारळ माझ्या हातात ठेवला. बारा वर्षं मी ते खोबरं खाल्लंय, हैबती. कडू लागत नव्हतं. तेव्हा मला शहाणा समजू नकोस. पण ऐकायचं असेल तर ऐक. वय झाल्याने माणूस दुबळा होतो, हे खरं आहे. पण तो किती दुबळा झाला, हे त्याला रोज कळत असतं; उठताना कळतं, चढताना कळतं. ते कळू नये म्हणून तू दगड पोखरलास. एरवी त्या बेचाळिसाव्या वर्षीच हरला असतास, चार लोक हसले असते, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तू तालमीत असतास. शरीर जत्रेसाठी राखायचं नसतं रे. ते घाटावरच्या त्या एका सकाळसाठी राखायचं असतं. आणि ती सकाळ कोणत्या तिथीला आहे, हे पंचांगात नसतं."

"आता काय उपयोग?" हैबतराव पुटपुटले. "वय निघून गेलं."

"मी तुझ्या वयाचा होतो तेव्हा शंभर जोर मारायचो. आता पाच मारतो. पण पाचही खरे मारतो." वस्तादांनी पोतं रिकामं केलं आणि तळाशी मूठभर कपच्या टाकल्या. "हे रोज उचल. आठवड्याला एक कपची वाढव. दगड हलका करायला तुला वर्षाची एक दुपार पुरली. इथे तशी सवलत नाही."

त्या चैत्रात हैबतरावांनी दगडाचं बूच सगळ्यांसमोर उपटलं. गाव हसलं. तो पोकळ दगड उचलून नारळ एका भलत्याच गावच्या तरण्याने नेला. पुढच्या वर्षापासून मग तो दगड कुणीच उचलला नाही, कारण आता त्यात काय राम होता!

हैबतराव पहाटे उठू लागले. पहिले सहा महिने रिकाम्यासारख्या त्या पोत्याने त्यांना रडवलं. पुढे खांबाला हात न लावता उठता येऊ लागलं. मग एकदा त्यांनी ढेप स्वतः गाडीवर चढवली, आणि हमालांनी एकमेकांकडे पाहिलं. घरी भिवराबाई खाटेवर होत्या. त्यांना अंगणात न्यायला शेजारच्या बायका बोलवाव्या लागत, म्हणून त्या अंगणात जायचंच टाळत. "नको, लोकांना त्रास," म्हणत. जेवणही तेवढ्यासाठीच कमी करत. खाटेवरच्या माणसाचं सगळंच दुसऱ्याला उचलावं लागतं. हैबतराव म्हणत, "थोडं थांब. मीच नेईन तुला घाटावर."

तीन वर्षं गेली. पौषातल्याच एका पहाटे सगळ्या कपच्या पोत्यात होत्या, आणि सगळं पोतं हैबतरावांच्या खांद्यावर. वस्तादांनी मान हलवली, एवढंच. हैबतराव तालमीतून तसेच मातीच्या अंगाने घरी धावले.

"चल. आज घाटावर."

त्यांनी पाय रोवले, श्वास भरला, सव्वा मणाचा अंदाज बांधून भिवराबाईंना खालून हात घातले आणि उचललं. आणि तोल जाऊन मागे भिंतीवर आदळले. भरलेली समजून रिकामी घागर उचलावी, तसं झालं होतं. हातांत काही नव्हतंच. पातळाच्या घड्या होत्या आणि घड्यांत चार हाडं.

हैबतराव तसेच उभे राहिले. तीन वर्षं रोज पहाटे केलेल्या कष्टाचं काय करावं, हे त्यांच्या हातांना कळेना.

भिवराबाईंनी त्यांच्या गळ्यात हात टाकला आणि हलकेच म्हणाल्या, "दचकू नका. इथंही आतून रिकामंच आहे. फक्त तुम्ही बूच काढून बघितलं नव्हतं."

भिवराबाईंना घेऊन ते चाळीस पायऱ्या उतरले. वाटेत भिवराबाईंनी एकदा त्यांच्या दंडाला हात लावला आणि म्हणाल्या, "चांगला झालाय हो." शेवटच्या पायरीवर ऊन येईपर्यंत हैबतराव त्यांना घेऊन बसले. मग उठले, हात न टेकता, आणि कुठेही न थांबता वर आले. पुढे ते रोज जात राहिले. पुष्कळ दिवस नाही, पण जितके होते तितके.

ज्याने आपला दगड आधीच पोखरून ठेवला असेल, त्याने निदान कपच्या कुठे पडल्यात ते आजच बघून यावं.