बरणीतलं बोट

महाराजांच्या लोणच्याला पुन्हा बुरशी आली!

मग काय, गडावरच्या लोणच्याच्या कारखान्यात महाराज कीर्तिध्वज जातीनं पाहणीला आले. स्वच्छतेवर त्यांचं भारी प्रेम. इतकं, की चिखलाचे जोडे काढण्यातही वेळ न दवडता ते थेट बरण्यांपर्यंत पोचले. चालता चालता विड्याच्या पानाला बोटानं चुना फासला, विडा गालात कोंबला, बोट शेल्याला पुसलं आणि एका बरणीच्या तोंडाला बांधलेला फडक्याचा दादरा सोडून तेच बोट आत खुपसलं. चव बघायला! मागच्या पाहणीत त्यांनी चाखलेल्या बरण्याच नेमक्या नासल्या होत्या, पण एवढ्या मोठ्या माणसाला असल्या बारीक गोष्टी कुठे दिसायच्या?

"कोणाचे घाणेरडे हात जातायत यात?" महाराज गरजले.

त्या आवाजानं भिवराच्या हातातली पळी ठणकन खाली पडली. भिवरा म्हणजे कारखान्याचे मुकादम रखमाजी यांची लेक. पाल चुकचुकली तरी दचकणारी.

"महाराज, इथं सगळे डोक्याला फडकं बांधतात, हात धुऊन कोरडे करतात..." रखमाजी चाचरले.

"म्हणजे मी खोटं बोलतो?"

"छे, छे! बुरशीच लबाड, महाराज!" प्रधान वाकाजीपंत घाईघाईनं वाकले.

"रखमाजी, सूर्य मावळायच्या आत अपराधी माझ्यापुढे उभा कर. नाहीतर तुझं बिऱ्हाड गडाखाली!"

भिवराला अपराधी केव्हाच ठाऊक होता. पण नाव घ्यावं तर जीभ जाणार, न घ्यावं तर घर!

"म-मी शोधते, महाराज," ती बोलली आणि स्वतःच्याच आवाजानं दचकली.

"तू? बरं! पण तू कोणाचं नाव घ्यायचं नाहीस. अपराध्यानं आपण होऊन पुढे यायचं!"

"आणि आला तर?"

"कोणीही असो, हात धुतल्याशिवाय या दारातून आत पाऊल नाही! राजाचा शब्द आहे!"

भिवरानं परातभर पाण्यात हळद कालवली. "एकेकानं बोट बुडवा. न धुता आत आलेलं बोट लाल होईल."

"जादूटोणा!" वाकाजीपंत पुटपुटले आणि त्यांनी आपले दोन्ही हात पाठीमागे नेले.

कैऱ्या फोडणाऱ्या बायका आल्या. पिवळं बोट. मीठ कुटणारे आले. पिवळं. रखमाजींनी बोट बुडवलं. पिवळं!

आणखी एका विड्याला बोटानं चुना फासून तो गालात कोंबत महाराज खदखदून हसले. "सगळेच धुतल्या तांदळासारखे! बांध गाठोडं, रखमाजी!"

"एक बोट राहिलंय, महाराज."

"अगं ए बये!" रखमाजींनी डोळेच मिटले.

"माझं? हे बघ!" महाराजांनी ऐटीत बोट बुडवलं.

लालभडक! जणू कुंकवाच्या करंड्यातूनच निघालं.



"पोरी, तू मला अपराधी म्हणतेस?"

"मी कुठे काय म्हणाले? मला तर नाव घ्यायची बंदी आहे. हळदीला चुना भेटला की कुंकू होतं, एवढंच. आणि इथं आत विडा खायची मुभा एकट्या आपल्यालाच!"

"पण हे राजाचं बोट आहे!"

"आम्हाला कळतं, महाराज. बुरशी अडाणी हो! तिला कुठला मुजरा करता येतोय?"

महाराजांनी बोटाकडे पाहिलं, बरणीकडे पाहिलं, जोड्यांकडे पाहिलं आणि असे हसले, असे हसले, की विडा बाहेर उडाला. वाकाजीपंतांनी तो अदबीनं शेल्यात झेलला.

"शाब्बास! रखमाजी, गाठोडं सोड! आणि पोरी, आजपासून या दाराची किल्ली तुझ्याकडे. ही माझ्या बोटातली हिऱ्याची अंगठीही घे!"

"द्या, महाराज," भिवरानं हात पुढे केला. "हात धुण्याआधी ती काढायला सांगणारच होते!"