तिरपं सोनं

"उस्ताद, तुमचे तुकडे सगळे तिरपे बसलेत... हात थरथरतो का आता?"

उमैरने हे परांचीवरच्या दहा कारागिरांच्या देखत विचारलं. जिभेला हाड नव्हतंच त्याच्या. पण काम नंबरी करायचा, त्यामुळे कुणी त्याला टोकत नसे.

शाम देशात, म्हणजे आजच्या सीरियात, खलिफाची नवी मशीद उभी राहत होती. सोन्याचा वर्ख दिलेले काचेचे इवले तुकडे ओल्या चुन्यात दाबून भिंतींवर झाडं, घरं, नदी उठवायची होती. उजवी भिंत म्हाताऱ्या उस्ताद वासिलांनी केली, डावी उमैरने. उमैरची भिंत सरस ठरली तर घुमटाचं काम त्याचं, असा शब्द उस्तादांनी दिला होता. त्या एका घुमटासाठी पोरगा सहा वर्षं राबला होता.

त्याची भिंत पाटासारखी सपाट झाली होती. नखसुद्धा अडकत नव्हतं. उस्तादांच्या भिंतीवरून हात फिरवला की तळवा खरचटायचा. परांचीवरून पाहणाऱ्याने डोळे झाकून उमैरच्या बाजूने निकाल दिला असता.

उस्ताद शिडी उतरून खाली गेले आणि जिथे पुढे लोक नमाजाला बसणार होते, तिथे फरशीवर बसले. शेजारची धूळ त्यांनी हाताने झटकली.

उमैर येऊन बसला आणि त्याने मान वर केली.

अंगणातल्या फरशीवरून दुपारचा उजेड आत उसळत होता. उस्तादांचा प्रत्येक तुकडा जरासा खाली कललेला होता. उजेड तिथून थेट खाली येत होता आणि उजवी भिंत झळझळत होती. उमैरच्या भिंतीवरचा उजेड मात्र परस्पर छताकडे निघून जात होता. ती मातकट दिसत होती.



त्याला रडू आलं, आणि ते त्याने लपवलं नाही.

"घुमट तुम्हीच करा, उस्ताद."

"घुमट तुझाच आहे."

उमैर डोळे पुसत शिडीकडे निघाला. उस्तादांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला परत खाली बसवलं आणि स्वतः पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

"तुकडे मी बसवतो. तू इथून सांग."