सुरी आणि लिलीचा कंद

कंदही बोलायचे, त्या काळची गोष्ट. लिलीचा एक कंद कुंडीत अगदी एकटा राहायचा. फूल आलं तरी कौतुकाला शेजारी कोणी नाही. बोलायला होती ती फक्त फळीवरची सुरी.

"सुरीताई, मला सोबत हवी," तो एकदा म्हणाला.

"ती तुझ्यातूनच निघेल रे," सुरी म्हणाली. "तुला चिरावं लागेल. प्रत्येक फोडीला तुझ्या बुडाचा तुकडा ठेवीन, म्हणजे मुळं फुटतील."

"आणि मी?"

"तू उरणार नाहीस," सुरी म्हणाली. कंदानं भोवतालच्या रिकाम्या मातीकडे पाहिलं. मग म्हणाला, "चीर."

वर्षभरात कुंडी कोवळ्या कंदांनी गजबजली. एके सकाळी सगळ्यात धाकट्यानं विचारलं, "आपल्याआधी इथे कोण राहायचं?"

कोणालाच ठाऊक नव्हतं. सुरीला होतं. पण ती सांगायला जवळ आली की सगळे अंग चोरून घ्यायचे.